सेवाज्येष्ठ भेंडी

आमच्या परसात रोज ताजी भाजी निघते आणि आमच्या ताटात रोज शिळी भाजी पडते. मधल्या मध्ये काय घडतं, त्याची ही हकीकत.

सांगलीत विश्रामबागेकडे आमचं बैठं घर आहे. मागच्या बाजूला थोडी जागा. हे नोकरीत होते तोवर तिथं धुण्याचा दगड, एक कढीपत्ता आणि एक मोडकी सायकल एवढंच होतं. निवृत्त झाल्यावर ह्यांनी आधी सायकल दुरुस्त केली, मग माझे मसाल्याचे डबे अकारविल्हे लावले, आणि मी डोळे वटारल्यावर परसात गेले. मला हायसं वाटलं. नवरा सकाळभर घराबाहेर आणि तरी हाकेच्या अंतरावर, याहून बायकोला आणखी काय हवं? मृगात ह्यांनी दुधी, दोडका, भेंडी, गवार, घेवडा, काकडी, वांगी, टोमॅटो, मिरची आणि वाफ्यांच्या कडेनं मेथी-कोथिंबीर असं हाताला लागेल ते सगळं लावलं. बियाणांच्या पाकिटावर किती खोल पेरायचं, किती अंतर ठेवायचं, पाणी कधी द्यायचं, सगळं छापलेलं असतं. आलेलं ठेवायचं कुठं, हे मात्र एकाही पाकिटावर नसतं.

श्रावणात सगळं एकदम आलं. दुध्यांचं तर पेवच फुटलं. आज बोटाएवढा दिसलेला दुधी नजरेआड झाला की चार दिवसांनी पानाखालून मनगटाएवढा होऊन बाहेर येतो. भेंडीचं आणखी वेगळं. ती एक दिवसाआड तोडावीच लागते. नाही तोडली तर झाडावरच जून होते, आणि जून शेंगा झाडावर राहिल्या की झाड फुलं धरायचं कमी करतं. म्हणजे खायची असो नसो, तोडायची.

आणि तोडली की ती ह्यांच्या ताब्यात जाते.

हे सरकारी रेकॉर्ड रूममधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. उभी हयात कागद टिकवण्यात गेली. तिथं कागदांचे वर्ग असतात. अ वर्ग कायमचा जपायचा, ब वर्ग तीस वर्षं, क वर्ग त्याहून कमी, आणि ड वर्ग वर्षभरात निकालात काढायचा. ह्यांनी भाजीचंही तसंच लावून दिलं. लोणची-मुरंबे अ वर्गात, कोहळा आणि तांबडा भोपळा ब वर्गात, कांदे-बटाटे-लसूण क वर्गात आणि पालेभाज्या ड वर्गात.

"अहो, तुमच्या ड वर्गाला वर्षाची मुदत असते. मेथीला एक रात्र असते."

"म्हणूनच तिची नोंद तातडीनं व्हायला पाहिजे," असं म्हणून हे वही आणायला गेले. वही सापडून, पट्टीनं रेघा मारून, आवक, जावक, शिल्लक आणि शेरा असे रकाने आखून होईपर्यंत मेथीनं मान टाकली होती. पहिलाच शेरा पडला: "प्राप्त होतेवेळी सुस्थितीत."

इथवर ठीक होतं. पुढं ह्यांनी सेवाज्येष्ठता आणली. फ्रिजमध्ये जी भाजी आधी आली ती आधी होणार, मग मागाहून आलेली कितीही गुणी असो. सोमवारी सकाळी तोडलेली भेंडी मी चिरायला घेतली, शेंडा मोडला की टचकन आवाज येईल अशी, की हे फ्रिजमधून गुरुवारची गवार काढून ओट्यावर ठेवतात. "हिचा नंबर आधी." मग गवार होते. मंगळवारी भेंडी हातात घ्यावी तर शुक्रवारचं वांगं वाट बघत असतं. बुधवारी दोडका. असं करत भेंडीचा नंबर लागतो तोवर तिच्यावर काळे डाग आलेले असतात आणि शेंडा मोडायच्या ऐवजी नुसता वाकतो. ती आता पुरेशी ज्येष्ठ झालेली असते. त्या दिवशी आम्ही ती करतो, आणि तेवढ्यात परसातून हे नवी, कोवळी भेंडी घेऊन आत येतात आणि ती रांगेत शेवटी उभी राहते.

यात आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, मला मदत होईल असं वाटलं होतं. पण "आधी कालचं संपवा" हे तर त्यांचं मूळ सूत्र. आमच्या घरात तिघांची तीन मतं असतात, टीव्हीच्या आवाजापासून चहातल्या आल्यापर्यंत. शिळं आधी, या एकाच मुद्द्यावर मायलेकांचं एकमत आहे. चार घरी विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्याकडेही तेच आहे. ताजी भाजी आणायची, ती ठेवून द्यायची आणि ती ताजी नाही अशी खात्री पटली की खायची.

मधल्या काळात फ्रिजचा अभ्यास सुरू झाला. ह्यांनी कुठून कुठून वाचून काढलं की काकडी, भेंडी, वांगी, टोमॅटो यांना फ्रिजची थंडी सोसत नाही. दहा अंशांच्या खाली काही दिवस राहिलं की काकडीला पाणी सुटतं, वांग्याच्या बिया काळ्या पडतात, भेंडीवर डाग येतात आणि टोमॅटोची चव जाते. उलट मेथी, कोथिंबीर, पालक यांना गारवा द्यावा तेवढा थोडाच. आमचा फ्रिज सगळ्यांना सरसकट चार अंश देतो.

"म्हणजे वांग्यांना थंडी बाधते," मी आईंना समजावून सांगितलं.

"मग कानटोप्या विणू का?" आई म्हणाल्या. सुया हातात होत्याच.

त्यापुढचा शोध इथिलीनचा. पिकलेला टोमॅटो, केळं, आंबा हे इथिलीन नावाचा वायू सोडतात. फळ त्यानं लवकर पिकतं, पण शेजारच्या काकडीला तो लागला की ती पिवळी पडते आणि कोथिंबिरीचीही पानं पिवळी होतात. हे ह्यांनी जेवताना सांगितलं.

"वायू मला होतो," आई म्हणाल्या. "काकडीला कशाला होईल?"

"आई, काकडीला नाही, टोमॅटोला होतो. काकडीला त्याचा त्रास होतो."

"मग त्याला ओवा द्या."

ओवा दिला नाही, पण बिऱ्हाडं वेगळी केली. टोमॅटो दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये गेले, देठ खाली करून, ह्यांना कॅरममध्ये मिळालेल्या ढालीच्या शेजारी. केळी टीव्हीच्या मागं. कांदे जिन्याखाली आणि बटाटे पलंगाखाली, कारण त्या दोघांचंही एकमेकांशी पटत नाही म्हणे. तांबडा भोपळा पुस्तकांच्या कपाटावर. आता काही हवं असलं की मी वहीत बघते.

मेथीला मात्र वर्तमानपत्र लागतं. निवडायची, धुवायची नाही, कोरड्या कागदात सैलसर गुंडाळायची. पानांवर पाणी राहिलं तर कुजते, उघडी ठेवली तर सुकते; कागद जास्तीचा ओलावा पितो आणि बाकीचा आत धरून ठेवतो. युक्ती खरी आहे. अडचण एवढीच की आमच्याकडे मेथी सकाळी सातला येते आणि पेपर साडेसातला. ह्यांचं शब्दकोडं अर्धवट असताना मी पान ओढलेलं असतं. मग रात्री हे फ्रिजचं दार उघडून, चष्मा कपाळावर ढकलून, मेथीची जुडी गोल गोल फिरवत "आडवे चौदा" शोधताना दिसतात. दार उघडं राहिलं म्हणून फ्रिज टूं टूं करतो. एकदा उत्तरं लिहिलेली जुडीच ह्यांनी वेगळी काढून ठेवली. तिचा नंबर आला तेव्हा ती मेथी आहे हे वहीवरून ठरवावं लागलं.

भाजी जास्त झाली तर वाटून टाकावी, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करायची रीत नाही. मी पातेल्यात दोन दुधी घालून शेजारी पाठवले. संध्याकाळी पातेलं परत आलं ते पडवळ आणि अळूची पानं घेऊन. समोरच्या काकूंना भेंडी दिली. त्यांनी ताटलीत कारली पाठवली. साठा हलला नाही, नुसता त्याचा प्रकार बदलला. वहीत ह्यांनी "जावक: दुधी २, आवक: पडवळ ३" लिहून शेऱ्यात "निव्वळ वाढ" असं लाल शाईनं लिहिलं. कामाच्या बाईंना दुधी द्यावा म्हटलं तर त्यांनी हातच जोडले. "वैनी, आमच्यात दुधी कोण खात न्हाई. पगारातनं शंभर कापा, पर दुधी नको."

मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्याकडेही घरामागं वाफे आहेत, आणि उन्हाळ्यात तिच्याकडे दुधी आणि झुकिनी दोन्ही उतू जातात. ती म्हणाली, "आई, इथं ८ ऑगस्टला गुपचूप शेजाऱ्याच्या ओसरीवर झुकिनी ठेवून यायचा दिवसच असतो." मी हसले. हे हसले नाहीत. त्या रात्री जेवणं झाल्यावर हे पायांत चपला न घालता, दोन दुधी शालीखाली धरून बाहेर पडले. मी खिडकीतून बघत होते. फाटकातच शेजारच्या भाऊंशी गाठ पडली. भाऊ आमच्याच फाटकाकडे निघाले होते, आणि त्यांच्याही अंगावर शाल होती. थंडी बिलकुल नव्हती. दोघांनी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि आपापल्या भाजीसकट घरी परतले.

मग टिकवण्याकडे वळणं आलं. आईंना विचारलं, तुमच्या वेळी काय करायचे? त्या म्हणाल्या, वाळवण. गवारी वाळवायची, वांग्याच्या फोडी वाळवायच्या, मिरच्या ताकात घालून वाळवायच्या. मग त्यांनी खिडकीतून वर बघितलं. आठ दिवस झडी लागलेली होती.

"ऊन असतं तेव्हा भाजी नसते आणि भाजी असते तेव्हा ऊन नसतं," आई म्हणाल्या. "म्हणून तर कोहळा शहाणा." कोहळ्याच्या अंगावर ती पांढरी भुकटी असते ना, ती मेणासारखी, तिच्यामुळं आतलं पाणी उडत नाही. पावसाळ्यानंतर उतरवलेला कोहळा निमूट उन्हाळ्यापर्यंत थांबतो, आणि ऊन तापलं की त्याचे सांडगे घालता येतात. त्याला वही लागत नाही.

पण कोहळा ह्यांनी लावलाच नव्हता. म्हणून ह्यांनी दिवाणखान्यात आईंच्या जुन्या साड्या अंथरून त्यावर गवारी पसरली आणि पंखा पाचवर ठेवला. पाहुणे आले की पाय वर घेऊन बसायचे. गवारी वाळली नाही, पण घरात सगळीकडे पोचली. परवा माझ्या पासबुकात एक शेंग निघाली.

विजेशिवाय चालणारी शीतपेटी हा त्यानंतरचा प्रयोग. दिल्लीच्या पूसा संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ती काढली आहे आणि ती खरोखर नामी आहे. विटांची दुहेरी भिंत, मधल्या फटीत वाळू, वाळूवर दिवसातून दोनदा पाणी. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि आतली भाजी गार राहते. माठाचंच तत्त्व. उत्तरेकडच्या कोरड्या उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा आत दहा-पंधरा अंश कमी राहतात. ह्यांनी विटा आणल्या, वाळू आणली, पातळी लावून भिंती बांधल्या आणि भर श्रावणात, धो धो पावसात छत्री धरून वाळूवर झारीनं पाणी घालत उभे राहिले. हवाच भिजलेली असताना पाणी उडणार कुठं? आत गारवा आला नाही. मांजर आली. तिला जागा कोरडी आणि प्रशस्त वाटली असावी, कारण पुढच्याच आठवड्यात वहीत "आवक: पिल्ले ४" अशी नोंद झाली.

त्यानंतर हरिपूर. इथं जवळच, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथं जमिनीत खोल पेवं काढून हळद साठवायचे. वर्षानुवर्षं राहिली तरी तिला कीड लागायची नाही. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बऱ्याच पेवांची वाट लागली. ह्यांच्या मनात आलं, बटाट्यांसाठी परसात एक छोटंसं पेव काढावं. मी म्हटलं, पेवात हवा कोंडलेली असते, उघडल्याबरोबर कुणी उतरत नाही म्हणतात. बटाटे काढायला उतरणार कोण?

"तू हलकी आहेस," हे म्हणाले.

लग्नाला इतकी वर्षं झाली. मला हलकी म्हणायची वेळ ह्यांनी नेमकी साधली.

शेवटी फ्रीझर. घेवडा, मटार नुसते ठेवले तर थंडीतही त्यांच्यातली विकरं हळूहळू काम करत राहतात आणि रंग, चव जाते. म्हणून आधी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कोरडं करून फ्रीझरमध्ये. मी घेवडा एका पातेल्यातून दुसऱ्यात टाकत होते आणि आई बघत होत्या.

"आधी चटका, मग गारठा. सासुरवास आहे का?"

हे आईंनी म्हणावं! मी काही बोलले नाही. घेवड्याकडे पाहिलं फक्त.

फ्रीझरची गोची अशी की आत गेलं की सगळं एकसारखं दिसतं. पालकाचा लगदा, कोथिंबिरीची चटणी, वाटलेला मटार, आणि आईंनी केसांसाठी भिजवून ठेवलेली मेंदी. ह्यांनी प्रत्येक डब्याला चिठ्ठी चिकटवली होती, पण थंडीनं खळ सुटली आणि चिठ्ठ्या तळाशी जाऊन बसल्या. एका रविवारी पालकाची भाजी केली. दोन-दोन घास झाले असतील, एवढ्यात आई आतून आल्या. "माझी मेंदी कुणी उचलली?" मेंदी दुसऱ्या कप्प्यात सापडली, पण त्या दिवशी पालक कुणी पुन्हा वाढून घेतला नाही.

टोमॅटोचं सॉस केलं त्याबद्दल फार लिहीत नाही. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असतं, म्हणजे आपण दिवसभर गॅसवर पाणी उडवायला बसतो. पाटीभर टोमॅटोंचं अर्धी बाटली सॉस झालं. शेऱ्याच्या रकान्यात मी माझ्या हातानं लिहिलं: "सिलिंडर संपला."

उरली लोणची आणि मुरंबे. टिकवायची हुकमी साधनं तीनच: मीठ, साखर, तेल. आणि डॉक्टरांनी ह्यांना बंद केलेल्या गोष्टीही तीनच. भाजी टिकवावी तर नवरा टिकत नाही. लोणचं मी घातलं. हे रोज बरणीचं झाकण उघडून तेल फोडींच्या वर आहे ना, चमचा कोरडा आहे ना, एवढं बघतात आणि हुंगून झाकण लावतात. अ वर्ग आहे. कायमचा जपायचा.

ऑक्टोबरात एकदाचं ऊन पडलं. तोवर मिरच्या ताक, मीठ, मेथीपूड आणि हिंगात मुरवून तयार होत्या. पण गच्चीत कबुतरं आणि अंगणात मांजरीची चार पिल्लं. ह्यांनी ताटं गाडीत ठेवली; काचा बंद, उन्हात उभी. कल्पना वाईट नव्हती. बंद गाडी उन्हात भट्टीच होते, मिरच्या बघता बघता कुरकुरीत झाल्या. तेवढ्यात नणंदेचे यजमान रेल्वेनं मिरजेला उतरले आणि हे त्यांना आणायला तीच गाडी घेऊन गेले. मिरज ते सांगली अंतर ते काय! पण जावईबापू वाटभर सलग शिंकत होते. घरी आले तेव्हा डोळे लाल, नाक लाल आणि हातात रुमाल. आईंना वाटलं, लेकीकडं काहीतरी वाईट घडलं. त्या रडायला लागल्या. मग जावई आणखी गोंधळले. सगळा उलगडा होईपर्यंत चहा थंड झाला. संध्याकाळी भातावर तळलेली मिरची वाढली, ती मात्र त्यांनी मागून घेतली.

एवढं सगळं होऊनही दुधी शिल्लक आहेतच. दुधी लोणच्यात मुरत नाही, वाळवला तर त्याचं काही उरत नाही आणि किसून फ्रीझरमध्ये टाकला तर बाहेर येताना नुसतं पाणी होतो. कुणीतरी रस काढून प्यायला सांगितलं. पण दुधी कडू निघाला तर त्याचा रस चक्क विषारी ठरू शकतो, आधी बारीकसा तुकडा चाखून कडू लागला तर टाकून द्यायचा असतो. आमच्या घरात टाकून देणं हा रकानाच नाही, म्हणून रस नको म्हटलं.

दुधी टिकवायचा एकच खात्रीचा मार्ग आहे आणि तो मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आहे. तानपुऱ्याचा तो भला मोठा भोपळा म्हणजे दुधीच्याच जातकुळीतला, वेलीवर पिकून कडक झालेला आणि पोखरून वाळवलेला. त्याला तारा चढल्या की तो पिढ्यानपिढ्या टिकतो. हे ऐकल्यापासून ह्यांनी चार दुधी वेलावरच राखून ठेवलेत. भाजीवाल्या दुधीचा तानपुरा होत नाही, त्याला जात वेगळी लागते, कवच जाड लागतं, हे मी सांगून पाहिलं. हे म्हणाले, "बघू." आईंनी विचारलं, गाणार कोण?

तेव्हा सांगलीकडं येणार असाल तर आमच्याकडे जरूर या. जेवायलाच या, त्या दिवशी सेवाज्येष्ठतेनं जे काय निघेल ते वाढीन. जाताना दुधी मिळतीलच. येताना पिशवी तेवढी घरची आणा, माझं पातेलं नेऊ नका. आणि नेलंत, तर कृपा करून रिकामं परत करा.